लाईट नसताना थंड राहिलेली खोली

वणी रस्त्यावरच्या माझ्या कोल्ड स्टोरेजमधून एक द्राक्ष निर्यातदार चहा अर्धा टाकून उठून गेला, त्याचा राग मी वर्षभर जपला. त्याने एवढंच मागितलं होतं, की हंगामात खोल्यांचं तापमान दोन अंशांच्या वर केव्हा केव्हा गेलं ते दाखवा. कॉम्प्युटर विचार करत बसला. शेवटी यादी आली. त्याने ती पाहिली, हसला आणि म्हणाला, "शेठ, तुमची नोंद उघडेपर्यंत माझ्या द्राक्षांचे बेदाणे होतील."

दुसऱ्या दिवशी त्याचा माल शेजारच्या स्टोरेजला गेला. मी क्रेट उचलत वर आलेला माणूस. फोनवर त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण यंदाही तो आला नसता तर माझ्या दोन खोल्या रिकाम्या राहिल्या असत्या.

म्हणून नाशिक रोडची, डेटाबेसचं काम करणारी एक मुलगी बोलावली. तिला आधीच बजावलं, यादी पटकन उघडली तर पैसे, नाहीतर फक्त चहा. ती म्हणाली, "चहा आत्ताच सांगा काका. पैशांचं उघडल्यावर बोलू."

तापमानाच्या कॉलममध्ये अक्षरं कशी आली, हे तिने पहिल्यांदा विचारलं. जुन्या सॉफ्टवेअरवाल्याने तो कॉलम आकड्यांचा न ठेवता मजकुराचा ठेवला होता. लाईट गेली की सेन्सर बंद पडायचा आणि ऑपरेटर त्याच जागी 'लाईट नाही' असं टाइप करायचा. मला ती सोयच वाटत होती. तिने दाखवलं, की मजकूर म्हणून क्रम लावला तर १० हे २ च्या आधी येतं, कारण पहिलं अक्षर १. म्हणून 'दोनच्या वर' विचारलं की डेटाबेस प्रत्येक ओळ उचलतो, तिचा आकडा करतो, मग तुलना करतो. इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची क्रमवार सूची, असून नसल्यासारखी. प्रतवारी न केलेला माल आणि गिऱ्हाईक मागतंय मोठा मणी, म्हणजे सगळे क्रेट उघडा.

हे मला कळलं आणि रागाच्या जागी उत्सुकताच वाढली. विचारलं, "मग 'लाईट नाही'चा आकडा किती करतो तो?"

तिने करून पाहिलं. शून्य.

द्राक्षाला शून्याच्या आसपासचीच थंडी लागते. तिने सगळ्यात थंड नोंदी वर आणल्या, तर जिथे जिथे लाईट गेली होती त्याच ओळी. "काका, लाईट गेली की तुमची खोली एकदम मस्त थंड होते," ती म्हणाली.

तेव्हा निर्यातदार का हसला होता ते समजलं. त्या वर्षी एकदा आमच्या अख्ख्या भागाची लाईट दिवसभर गेली होती आणि जनरेटरही बंद पडला होता. तो इथलाच, त्याला ते ठाऊक होतं. शून्य काही दोनच्या वर नाही, म्हणून माझ्या यादीत त्या दिवसाची एकही ओळ नव्हती.

तिने कॉलम आकड्यांचा केला, कारणासाठी वेगळा कॉलम काढला, आणि जिथे मोजलंच नव्हतं तिथे नल ठेवला, म्हणजे खरोखर रिकामं. रिकाम्या जागा दिसायला नकोत म्हणून मी घासाघीस केली. मी विचारलं, डेटाबेस नलला दोनपेक्षा जास्त धरतो का? नाही. कमी? तेही नाही. म्हणून त्या ओळी वेगळ्या विचाराव्या लागतात. याने पुन्हा वेळ लागेल का, हेही विचारलं. ती म्हणाली, फारसा नाही. खोली नंबर आणि वेळ मात्र कधीच रिकामी सोडू द्यायची नाही. आकड्याची जागा असावी आणि तिने काही म्हणूही नये, हे कोडं मला घरी जाईपर्यंत पुरलं.

निर्यातदार आला. यादी चहाच्या आधी उघडली. त्याने विचारायच्या आत मी रिकाम्या ओळीही उघडायला लावल्या. त्या त्याने बराच वेळ पाहिल्या.

"त्या दिवशी आत किती होतं?"

"फार नाही" हे अगदी तोंडात आलं होतं. मी म्हणालो, "माहीत नाही."

"मागच्या वर्षी माहीत होतं की."

मी भांडलो नाही, त्याच्यापुढे चहा सरकवला, याचं माझं मलाच नवल वाटलं. त्याने एक खोली घेतली. दुसरी, बॅटरीवर चालणारा सेन्सर बसवल्यावर. सेन्सर मी त्याच आठवड्यात बसवला. बेदाण्यांवरून मात्र त्याला अजून सोडलेलं नाही.