कुलूप लागायच्या आत

माझी धाकटी सून पाय बनवते. असं सांगितलं की बायका आधी माझ्या पायांकडे बघतात. माझे मूळचेच आहेत, कुरकुरतात तेवढंच. ती सरकारी केंद्रात पाय गमावलेल्या लोकांना नवे पाय करून देते. अठरा वर्षं झाली. माणसाचा चेहरा विसरेल, पण गुडघा नाही.

त्या दिवशी दुपारी तिचा फोन. "आई, ताट झाकून ठेवा नि रिक्षा करून या. चार वाजता कुलूप लागतंय!"

वरून हुकूम आला होता. उधळपट्टी थांबवा, आजपासून सगळं बंद, आतला माल आत. आणि आत फळीवर अकरा पाय तयार! केंद्राचा नियम असा, की माणसाने नवा पाय घालून दोन्ही बाजूंच्या दांड्यांना धरून दहा फेऱ्या मारायच्या, मग वहीत सही. सही झाली की पाय त्याचा. तोवर सरकारचा.

मी फोनला बसले. मला अक्षरं जेमतेम येतात, पण आकडे येतात. "असाल तसे या," एवढंच ओरडत होते. एक जण अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन आला!

चारला पाच मिनिटं असताना शिंपीणबाईला तिच्या दिराने पाठुंगळी आणलं. आठ महिने तिचं मशीन धूळ खात होतं. सून खाली बसून भराभरा पट्टे आवळू लागली. कुलूप घेऊन साहेब दारात उभे.

सहाव्या फेरीला चार वाजले.

"बाई, वेळ संपली."

"मध्येच थांबवलं तर पडेल ती," सून म्हणाली. "धरायला येता का तुम्ही?"

साहेब खरंच आले हो! आठ, नऊ, दहा! आम्ही सगळे ओरडून मोजत होतो. सही करून शिंपीणबाई स्वतःच्या पायांनी पायरी उतरली. माझ्या टाळ्या थांबेनात.

सात पाय गेले. चार आत राहिले, आणि सुनेची नोकरीही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने एक गवंडी आला, पिशवीत पॉलिश केलेला उजवा बूट घेऊन. आदल्या दिवशी त्याला फोनच लागला नव्हता. माप ज्याचं त्याचं. त्याचा पाय दुसऱ्या कुणाला बसायचा नाही. सुनेने त्याला बंद केंद्राच्या खिडकीपाशी नेलं आणि काचेवर बोट ठेवलं.

"तो बघा दादा, डावीकडून तिसरा. तो तुमचा."