तिसरा रकाना

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालमला त्याच्याकडेच निघण्यासाठी एसटीची वेळ बघत होतो. त्या रविवारी तीन साचे मोजायचं आमचं ठरलं होतं. याला आता सहा आठवडे झाले...

दिगंबर माझा शाळेपासूनचा मित्र, दातांचा डॉक्टर. कवळीसाठी, तारांसाठी घेतलेले जबड्यांचे प्लास्टरचे साचे तो टाकून देत नसे. आजी, लेक, नात असे एकेका घरातले साचे कपाटात शेजारी शेजारी मांडलेले. त्याचं म्हणणं, कडक भाकरी आणि ऊस चावणाऱ्या आजीच्या दातांची कमान रुंद असते, पुढच्या पिढ्यांत ती अरुंद होत जाते, म्हणून पोरांचे दात एकमेकांवर चढतात. हे त्याला आकड्यांत हवं होतं, आणि मोजमापाची खोड मला. दोन्हीकडच्या दाढांमधलं अंतर मी दोनदा मोजायचं, तिसऱ्यांदा त्यानं. मी आकडा सांगितला की तो म्हणायचा, "पुन्हा मोज, मोजणीदार." वहीत तीन रकाने होते, तिसरा त्याचा.

अकरा वर्षांनी मला चूक दिसली. मी म्हणालो, "दिगू, तुझ्याकडे आजी येते ती दाढा पडून हाड झिजल्यावर, आणि नात येते ती दात वाकडे म्हणून. ज्यांचं तोंड धड आहे ते येतातच कुठं?" त्यानं वही पुढ्यात ओढली. मग म्हणाला, "हे तुला पहिल्या वर्षी नाही का रे सुचलं?" आणि हसला. मला मात्र हसू आलं नाही. त्यानं पानांवर पेनानं आडव्या रेघा मारल्या, त्या मी बघत होतो.

पुढच्याच आठवड्यात प्लास्टरची पिशवी घेऊन तो राणीसावरगावला गेला, मलाही नेलं. शेळ्या राखणाऱ्या एका आजीचे सगळे दात शाबूत होते. ती म्हणाली, "डाक्टर, मी बिमार न्हाई, दाढ दुखंना, मग तुमी तोंडात काय बघायलाव?"

"न दुखणारीच दाढ बघायची हाय, आजी."

"लय येडा डाक्टर हाय," ती लेकीला म्हणाली, आणि तोंड उघडलं. पाठोपाठ लेक बसली, मग लग्न झालेली नात.

तेच तीन साचे वहिनींनी परवा वहीसकट माझ्या हातात दिले. मी घरी मोजले. आजी आणि नातीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. नातीची कमान पुढून जराशी निमुळती, एवढंच. एका घरावरून काही सिद्ध होत नाही, पण हा आकडा त्याच्या बाजूचा नाही, आणि तो तसाच लिहायला हवा. पहिल्या रकान्यात लिहिला. पुन्हा मोजला, दुसऱ्यात लिहिला.

तिसऱ्यांदा मोजायला कॅलिपर उचलला... आणि वहीशेजारी ठेवून दिला. तो रकाना माझा नाही.