आज हे माझ्या मागून चालले

मैत्रिणींनो, माझा गुडघा झिजलाय. दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने तपासून चालायची नवी पद्धत शिकवलीय. पाऊल टाकताना बोटं किंचित आत वळवायची. "कुणालातरी मागून बघायला सांगा," म्हणाली.

आज सकाळी विश्रांतवाडीच्या बागेत ते काम ह्यांच्याकडे होतं.

"उजवं पाऊल बाहेर जातंय," हे मागून सांगत होते. मग एकदम थांबले.

"काय झालं?"

"अगं, तू चक्क लंगडतेस. कधीपासून?"

"वर्ष होईल."

"मला कधी दिसलंच नाही."

"दिसणार कसं? तुम्ही नेहमी दहा पावलं पुढे!"

घरी येताना मात्र हे शेजारून, माझ्याच चालीने चालले. गुडघा दुखतच होता, पण रस्ता संपू नये असं वाटलं.

तुमच्या घरी कोण पुढे चालतं?