खाचरातली पेटी

सरकारी नोकरीत माझ्या वाट्याला आलेलं पहिलं संशोधन म्हणजे चिखलात पेटी पालथी घालून बसणं. नव्वदच्या दशकात पृथ्वी तापत असल्याची कुणकुण आमच्या खात्यापर्यंत पोचली होती. भाताच्या खाचरात पाणी साचलं की चिखलातून मिथेन नावाचा वायू निघतो, त्यानंही हवा तापते. तेव्हा राज्यात तो किती निघतो ते मोजा आणि कमी करा, असा वरून आदेश आला. समोर कारखान्यांची धुरांडी रांगेनं धूर ओकत होती, पण ती मोजायला सीनियर लोक होते. मला भात मिळाला.

कामोठ्याजवळच्या एका खाचरात मी रोपांवर पारदर्शक पेटी पालथी घालायचो आणि आतली हवा इंजेक्शनच्या सिरिंजनं ओढून बाटलीत भरायचो. सिरिंज बघून गावातली पोरं लस टोचणारा आला म्हणून धूम ठोकायची. पहिल्या दिवशी ऐटीत बूट घालून गेलो, तर एक चिखलानं ठेवून घेतला. सानपाड्याला घरी पोचल्यावर बायको म्हणाली, "वायू मोजून झाला की बूट पण आणा."

खाचर गावातल्या एका विधवा बाईंचं होतं. भोवतालच्या शेतांवर इमारतींसाठी भराव पडला होता. हे तेवढं उरलं होतं. त्या बांधावर बसून माझा उद्योग बघत राहिल्या.

"जमीन घेतांव, असं सरल सांग ना, बाला."

"नाही हो मावशी, फक्त हवा नेतोय."

"आदी हवा नेतात, मंग जमीन. ही गेली तं आमी इकतचा तांदूल खावाचा?"

मी त्यांना पृथ्वी कशी तापते ते समजावलं. पुढच्या खेपेला बघतो तर बांधावर आंब्याची कलमं ओळीनं उभी. जमीन गेलीच तर झाडांची भरपाई वेगळी मिळते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला नव्हतं. "तुमच्या सायबाला झाडं दाखव," त्या म्हणाल्या. मी मोठ्या माणसासारखा हसलो. सरकारी माणूस सांगतोय, तुमच्या जमिनीला काही होत नाही, असं इतक्या रुबाबात म्हणालो की माझाच त्यावर विश्वास बसला. त्यांचा बसला नाही. त्यांनी कलमांना पाणी घातलं.

पुढच्या पावसाळ्यात पेटी खांद्यावर घेऊन गेलो, तर खाचरच नव्हतं. लाल मुरूम पसरून त्यावर रोलर फिरला होता. कलमांसकट सगळं गेलं होतं. पेटी कुठे ठेवू, असा प्रश्न मला खरोखर पडला, यावरून माझी अक्कल समजावी. अहवालात मी लिहिलं, खाचर नाही, वायू शून्य. साहेबांनी ते 'घट' या रकान्यात घातलं आणि माझी पाठ थोपटली. उभ्या नोकरीत मिळालेली ती एकमेव शाबासकी. काम डंपरवाल्यांनी केलं होतं.

त्यानंतर मावशी भेटल्या त्या पनवेलच्या बाजारात, तांदळाच्या दुकानात. मूठभर तांदूळ हातात घेऊन हुंगत होत्या आणि पुन्हा पोत्यात टाकत होत्या. मी जाणकारासारखा म्हणालो, "हा घ्या, हा चांगला आहे." मग माझी मलाच भयंकर लाज वाटली.

त्यांनी मला ओळखलं. "झाला का रं कमी, तुजा वायू?"

आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हो," मी म्हणालो.

"मंग बरा झाला," त्या म्हणाल्या, आणि मी दाखवलेला तांदूळ त्यांनी दोन किलो तोलायला सांगितला.