शिफारसपत्रात नसलेले टेबल

नकार आला असता, तर तो मी एका संध्याकाळीत पचवला असता. डिसेंबरच्या मध्यावर आलेले पत्र मात्र नकाराचे नव्हते आणि होकाराचेही नव्हते. अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठात मला भौतिकशास्त्र शिकायचे होते, तिथे मी लवकरच्या फेरीत अर्ज केला होता. माझ्याबाबतचा निर्णय आपण मार्चअखेरपर्यंत पुढे ढकलत आहोत, असे त्यांनी कळवले होते.

पत्रात अकरा वाक्ये होती. मी ती मोजली, कारण त्यांतल्या सौजन्यावर माझा विश्वास नव्हता. दहा वाक्ये जगातल्या कुठल्याही अर्जदाराला पाठवता आली असती. अकराव्यात म्हटले होते की शाळेचे सहामाही गुण, एका पानाचे नवे निवेदन आणि हवे असल्यास आणखी एक शिफारसपत्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत स्वीकारले जाईल, त्याहून जास्त काही पाठवू नये. याचा अर्थ काहीतरी कमी पडले होते, आणि काय कमी पडले ते ही मंडळी सांगणार नव्हती.

मी संशयितांची यादी केली. गुणांवर संशय घ्यायला जागा नव्हती. निबंध माझ्याशिवाय कुणी वाचलाच नव्हता, त्यामुळे खरे तर सर्वांत आधी त्याच्यावर संशय घ्यायला हवा होता. पण तो मीच लिहिलेला असल्याने घेतला नाही. उरले शिफारसपत्र. ते भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी लिहून थेट विद्यापीठाकडे पाठवले होते, आणि ते पाहण्याचा हक्क मी अर्ज भरतानाच सोडून दिला होता.

या शिक्षकांना आम्ही सगळे मेनेर म्हणतो, इथे नेदरलँड्समधल्या शाळांत सरांना तसेच म्हणतात. माझ्या चांगल्यात चांगल्या उत्तरपत्रिकेवर त्यांनी दहापैकी आठ लिहिले होते आणि शेजारी ‘उत्तम’ असा शेरा दिला होता. ज्या माणसाला उत्तम म्हणतानाही दोन गुण हातचे राखावे लागतात, त्याने माझ्याविषयी काय लिहिले असेल? शिवाय ऑक्टोबरमध्ये माझा प्रकल्प-अहवाल परत देताना त्यांनी विचारले होते, तुझे वडील त्या चिप-यंत्रांच्या कंपनीतच आहेत ना. मी हो म्हटले. ते ‘अच्छा’ अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटले होते. आता मला त्या पुटपुटण्यात बरेच काही ऐकू येऊ लागले. ही माणसे चार वर्षांसाठी आलेली, पुढेही कुठेतरी जाणारी, यांच्यासाठी शाई कशाला झिजवा.

आईचे निदान वेगळे होते. “कुणीतरी बोललंय,” ती म्हणाली. “तू कुणाला सांगितलंस का?”

“कुणालाही नाही.”

“मैत्रिणींना?”

“आई, कुणालाही नाही म्हणजे कुणालाही नाही.”

काम होईपर्यंत वाच्यता करायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे आणि माझ्या माहितीतल्या बहुतेक मराठी घरांतही तो पाळला जातो. बाबांनी पुण्याची नोकरी सोडून इथे फेल्डहोवनला, चिप बनवण्याची यंत्रे तयार करणाऱ्या कंपनीत यायचे ठरवले, तेव्हा सख्ख्या आत्यालासुद्धा व्हिसा हातात पडल्यावरच कळले होते. दृष्ट वगैरे मी मानत नाही. तरीही तो नियम मी इतका काटेकोरपणे पाळला की मेनेरांकडे शिफारस मागताना ‘परदेशातल्या एका विद्यापीठासाठी’ यापलीकडे शब्द काढला नाही. कुठले विद्यापीठ, तिथेच का, आणि मागची दीड वर्षे रविवारच्या दुपारी मी घरामागच्या सायकलींच्या शेडमध्ये काय करत होते, हे मी त्यांना कधीच सांगितले नव्हते.

शेडमध्ये मी एक टेबल बनवत होते. अंगणातली एक जड फरशी सायकलच्या जुन्या ट्यूबांवर टांगायची आणि मागच्या रस्त्याने बस गेली की जमिनीची थरथर फरशीवर किती पोचते, ते स्वस्तातल्या कंपनमापकाने मोजायचे. नऊ वेळा ते फसले. दहाव्या वेळी जमिनीवरच्या थरथरीचा जेमतेम दहावा भाग फरशीवर उरला. मेनेरांना दिलेल्या अहवालात फक्त ते दहावे टेबल होते. आधीची नऊ माझ्या वहीत राहिली, कारण अपुरे काम चारचौघांत मांडायचे नाही, हे त्याच नियमाचे पोटकलम आहे.

दरम्यान बाबांच्या एका सहकाऱ्याने प्रवेश-सल्लागाराचा नंबर दिला. कॉलवर तो म्हणाला की दोन महिन्यांत माझ्या नावावर समाजसेवेचा एखादा उपक्रम उभा करता येईल. ‘उभा करता येईल’ हे ऐकल्यावर मी आभार मानून फोन ठेवला. बाबा एवढेच म्हणाले, “मग आता तुझ्या त्या मेनेरांशीच बोल. मनातल्या मनात खटला किती दिवस चालवणार?”

जानेवारीतल्या एका मंगळवारी, शेवटच्या तासानंतर, मेनेरांनी मला वीस मिनिटे दिली. मी प्रश्न लिहून नेला होता आणि त्यातून आरोपाचा वास येणार नाही याची काळजी घेतली होती. त्यांनी तो पुरता ऐकूनही घेतला नाही.

“मी तुझ्याबद्दल वाईट लिहिलं का, असं तुला विचारायचं आहे.”

मी हो म्हटले.

“वाईट नाही लिहिलं. तू कष्टाळू आहेस, अचूक आहेस, असं लिहिलं. तुला या विषयात नेमकं काय करायचं आहे ते मला ठाऊक नाही, असंही लिहिलं. तू कधी सांगितलंच नाहीस.” मग ते म्हणाले, “प्रकल्पाचा उल्लेख केला नाही.”

“का?”

“तो तुझा आहे याची मला खात्री नव्हती.”

इतक्या सपाट आवाजात मला कुणी कधी लबाड म्हटले नव्हते. ते पुढे शांतपणे सांगत राहिले. या गावात निम्म्या मुलांच्या प्रकल्पांना त्यांच्या आईवडिलांच्या ऑफिसचा वास येतो. माझे वडील ज्या कंपनीत आहेत तिथे कंपने रोखणे हा रोजचा धंदा. त्यात माझ्या अहवालात एकही चूक नव्हती, एकही फसलेला प्रयोग नव्हता, आणि ते टेबल त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. ऑक्टोबरमधला तो प्रश्न याचसाठी होता. मी फक्त हो म्हटले आणि निघून गेले, तेव्हा त्यांचा संशय बळावला.

गेला महिनाभर मी या माणसावर संशय घेत होते आणि तो माझ्यावर तीन महिन्यांपासून घेत होता. त्याच्याकडचा पुरावा माझ्यापेक्षा भक्कम होता, हे मला जास्त झोंबले.

“टेबल आणते,” मी म्हटले.

घरी सांगितल्यावर आई अस्वस्थ झाली. शाळेत टेबल नेताना-आणताना चार लोक बघतील, विचारतील, आणि पुन्हा जमले नाही तर काय, असे तिचे म्हणणे. बाबा मात्र शेजाऱ्यांची बाकफीट्स, म्हणजे पुढे लाकडी खोका असलेली सायकल, मागून घेऊन आले. फरशी त्यात ठेवायला मदत करताना मी त्यांना स्पष्ट बजावले की तुम्ही शाळेपर्यंत यायचे नाही. त्यांनी हात वर केले.

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. मी चौकट जोडली, ट्यूब अडकवल्या, फरशी टांगली, एक कंपनमापक जमिनीवर आणि एक फरशीवर ठेवला. मेनेर हाताची घडी घालून उभे राहिले. तेवढ्यात तास संपला आणि बाहेरच्या मार्गिकेतून वर्गच्या वर्ग चालत गेले. पडद्यावर दोन रेषा उमटल्या. जमिनीची थरथरत होती. फरशीची तिच्या चौपट थरथरत होती.

त्या क्षणी मला पहिला संशय आला तो मेनेरांचाच. त्यांनी मुद्दाम हीच वेळ निवडली असावी. दुसरा संशय उपकरणाचा आला, म्हणून दोन्ही मापकांची मी अदलाबदल करून पाहिली. फरक पडला नाही. मग मी ट्यूबांकडे पाहिले. वजनाने त्या साधारण सहा सेंटिमीटर ताणल्या जात होत्या. इतक्या ताणाला टांगलेली वस्तू एका सेकंदाला दोनदा खाली-वर होते. माणूस चालतो तेव्हा सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. शेडमध्ये जमीन पक्की होती आणि कुणी चालत नव्हते. इथे अधांतरी मजल्यावर शंभर मुले नेमक्या त्याच तालात माझ्या फरशीला झोका देत होती.

हे मी मोठ्याने बोलत होते, हे मला नंतर कळले. आणखी वजन हवे, असे म्हणत मी खिडकीजवळची जाड पुस्तके उचलून फरशीवर रचली. ट्यूब दुप्पट ताणल्या गेल्या. पुढचा वर्ग गेला तेव्हा फरशी जमिनीइतकीच थरथरली. थरथर घटली होती, थांबली मात्र नव्हती. ट्यूब आणखी लांब लागतील, मी म्हटले, आणि त्यासाठी चौकट उंच करावी लागेल, आणि हा माझा अकरावा फसलेला प्रयत्न धरावा लागेल. आधीचे नऊ वहीत आहेत, असे म्हणतानाच हिशेब चुकल्याचे माझ्या लक्षात आले.

“दहावा,” मेनेर म्हणाले. “तुझ्या वडिलांनी हे केलं असतं, तर पाच मिनिटांपूर्वी तू त्यांना फोन लावला असतास.” मग त्यांनी वही मागितली.

त्यांनी दुसरे शिफारसपत्र लिहिले. तेही मला दाखवले नाही आणि मी विचारले नाही. माझ्या एका पानाच्या निवेदनात मी नवे पुरस्कार शोधत बसले नाही. दुसऱ्या मजल्यावर टेबल का फसले, ते लिहिले, आणि त्या विद्यापीठातल्या कुठल्या प्रयोगशाळेत मला हा प्रश्न पुढे न्यायचा आहे, तेही. शाळेचे गुण सोबत जोडले. ते किंचित वाढले होते. यापेक्षा जास्त काही पाठवायचे नाही, असे पत्रात म्हटले होते, आणि ते वाक्य तरी मी खरे धरले.

मार्चअखेर होकार आला. मी पान बंद करून तीनदा पुन्हा उघडले आणि अर्ज क्रमांक एकेक अंक करून जुळवला. तो कशामुळे मिळाला ते मला सांगता येणार नाही. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्यावर कारण ठरवता येत नाही, हे कुठलाही प्रयोग शिकवतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधी मी मेनेरांना गाठून सांगितले. घराबाहेर ही बातमी कळलेले ते पहिले. ते “छान” म्हणाले, आणि प्रकाशाच्या प्रयोगाचा माझा अहवाल शुक्रवारपर्यंत मिळायला हवा, याची आठवण करून दिली. त्या एका शब्दात किती आनंद होता, याचा अंदाज मी अजून करते आहे.