समोर बसायला कोणी नव्हतं

खोडाळ्याच्या एसटी थांब्यावर बा मला सोडायला आला, तेव्हा त्याच्या नखांत चित्राचा पांढरा रंग वाळून बसला होता. मला ठाण्याला सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती. तेव्हा आमचा जिल्हा ठाणेच होता, त्यामुळे गावातले लोक म्हणायचे, "जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच तर चालली." पण आमच्या पाड्यावरून नोकरीसाठी एवढ्या लांब गेलेली मुलगी माझ्याआधी कोणी नव्हती.

आई थांब्यावर आली नाही. नागलीची भाकर आणि सुक्या मासळीची चटणी फडक्यात बांधून दिली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आधी खाऊन घे, मग रड." लहानपणापासून तिचं हेच एक सांगणं होतं.

बानं माझी पत्र्याची पेटी गाडीत चढवली. खिडकीशी येऊन म्हणाला, "तठं हळू बोल. मोठ्यानं बोललं का गाव कळतं." मला हसू आलं. बाजूची बाईही हसली. गाडी कसाऱ्याच्या बाजूला उतरायला लागली तेव्हा मात्र तो काय म्हणाला होता ते नीट कळलं, आणि मी फडकं सोडून भाकर खायला सुरुवात केली.

ठाण्यात मी खरंच हळू बोलले. विलासशी लग्न झालं. तो जव्हारकडचा, जामसरचा, माझ्यासारखाच कारकून. आम्ही तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक घेतला. गॅस आला, केबल आली, मुलगी झाली, तिला बालवाडीत घातलं. आमची नागली इथे नाचणी झाली. पाड्यावर आम्ही दुसरं काही नसायचं म्हणून ती खायचो, इथे डॉक्टर ती शुगरवाल्यांना लिहून देत होते. पाड्यावरच्या तुमच्यापैकी जे वसईला, नाशिकला, सिल्वासाला गेलात त्यांना हे सांगायला नको. आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे आवाज खाली केला.

बा चित्रं काढायचा. आमच्यात आधी हे काम बायकांचं. लग्नघराच्या भिंतीवर त्या चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, काढायच्या. मग शहरातली माणसं कागद आणि कापड घेऊन पाड्यावर आली, तेव्हा बानंही काडी हातात घेतली. शेणानं सारवलेल्या कापडावर तो तांदळाच्या पिठानं माणसं काढायचा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की अंग झालं, चार रेघांचे हातपाय, वर गोल डोकं. पीठ आई वाटायची. दुपारी ती पाट्यावर आणि तो कापडाशी, असे दोघं ओसरीवर बसायचे आणि फारसं बोलायचे नाहीत.

त्या दोघांसमोर रघ्या बसायचा. रघुनाथ, माझा धाकटा भाऊ. आमच्या दोघांच्या मधली दोन मुलं जगली नव्हती, त्यामुळे तो उशिरा झालेला, सगळ्यांचा लाडका. तो आजारीच असायचा. पोट पुढे, हात काडीसारखे. बा चित्र काढताना तो मांडी घालून समोर बसायचा आणि "हा मी का?" असं प्रत्येक माणसाला बोट लावून विचारायचा. बा म्हणायचा, "हा तूच." दहा माणसं असली तरी दहाही तोच असायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा एक पावसाळा. मी आश्रमशाळेत होते. रघ्याला जुलाब लागले. ओहोळ भरून वाहत होता, जीप पलीकडेच थांबायची. बानं त्याला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतला, पाणी उतरायची वाट पाहिली आणि दवाखान्याकडे निघाला. दवाखान्यात पोचला तेव्हा खांद्यावर नुसतं ओझं होतं. मला शाळेत निरोप आला तोवर त्याला मातीत ठेवूनही झालं होतं. त्या पावसाळ्यात आमच्या भागात कितीतरी घरांतली मुलं गेली. पेपरात आलं, गाड्या आल्या, फोटो काढले, गाड्या गेल्या. त्यानंतर आमच्या घरात रघ्याचं नाव कोणी काढलं नाही. बा चित्रं काढत राहिला, आई पीठ वाटत राहिली.

मग पुष्कळ वर्षांनी एका मराठी वाहिनीनं बाला मुलाखतीला बोलावलं. तोवर तो म्हातारा झाला होता, त्याची चित्रं परदेशात गेली होती, दिल्लीला विमानानं जाऊन आला होता. त्याचं घर मात्र तेच होतं. मुलाखतीसाठी आई-बा दोघं आमच्याकडे येऊन राहिले. कार्यक्रम दाखवायच्या दिवशी आमच्या इमारतीतली माणसं आमच्याच घरी जमली. खालच्या मजल्यावरच्या मालतीकाकूंनी चिवडा आणला. इतकी वर्षं जिन्यात नुसती मान हलवणारे लोक आमच्या सतरंजीवर बसले होते आणि बा खुर्चीवर मध्ये, नवा पांढरा सदरा घालून.

पडद्यावरच्या बाला मुलाखत घेणाऱ्या बाईंनी वय विचारलं. तो म्हणाला, "शाळामास्तरनं एक लिवलं, मतदानवाल्यानं दुसरं. त्यांचं भांडण मिटलं का सांगतो." सगळे हसले. विमानात कसं वाटलं विचारल्यावर म्हणाला, "खाली वाकून बघितलं. आमचा पाडा काय दिसला नाय. मग कळलं, सरकार अठूनच बघत असंल." मालतीकाकूंनी टाळी वाजवली. मलाही इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. बा मोठ्यानं बोलत होता, आमच्या बोलीत बोलत होता, आणि लोक त्याच्यावर जीव टाकत होते.

मग बाईंनी विचारलं, "बाबा, तुमच्या चित्रातली माणसं इतकी बारीक का हो असतात?"

"बाई, मी दिसतं तसंच काढतो. जाडा माणूस शिकायचा व्हता, पण आमच्या पाड्यात तसा समोर बसायला कोण मिळालाच नाय." त्यानं बाईंकडे पाहिलं. त्या चांगल्या अंगानं भरलेल्या होत्या. "आता तुम्ही भेटल्या."

स्टुडिओतले लोक उठून हसायला लागले. बाई तर डोळे पुसत होत्या. आमच्या घरातही तेच. विलासला ठसका लागला. आई माझ्याशेजारी खाली बसली होती. ती उठली आणि आत गेली. मला वाटलं चहाचं बघते. मी मागून गेले तर तिनं सूप घेतलं होतं आणि तांदूळ पाखडत होती. निवडलेलेच तांदूळ होते ते.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"कोण मिळाला नाय?" ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "रघ्या बसायचा ना समोर."

आमचा ब्लॉक लहान, स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात नुसता पडदा. मी बाहेर आले तेव्हा लोक अजून हसत होते. बा हसत नव्हता. त्यानं कप खाली ठेवला होता आणि टीव्हीतल्या स्वतःकडे पाहत होता.

पुढचं वर्षभर त्या एका वाक्यानं बाला महाराष्ट्रभर नेलं. वाहिनीकडे पोस्टकार्डं आली, ती त्यांनी गठ्ठा बांधून आमच्याकडे पाठवली. सांगलीच्या एका आजोबांनी लिहिलं होतं की बायको गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. हे खोटं प्रेम नव्हतं, तुम्हाला सांगते. मालतीकाकूंनी तुपातले डिंकाचे लाडू करून पाड्यावर पाठवले, "बाबांच्या अंगाला लागू देत" म्हणून. गाड्या करून लोक खोडाळ्याला यायचे, पाड्यापर्यंत चालत जायचे, बासोबत फोटो काढायचे आणि म्हणायचे, "बाबा, ते एकदा म्हणा ना, बारीक माणसांचं." बा म्हणायचा. लोक हसायचे.

आईनं भांडण केलं नाही. तिनं फक्त पीठ वाटणं सोडलं. मी दिवाळीत गेले तेव्हा पाट्यावर बा बसलेला दिसला. त्याला ते जमत नव्हतं. पीठ जाड राहायचं, रेघ तुटायची. आई शेजारीच शेंगा सोलत होती. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आता मोठा माणूस हाय तो. त्याला माझ्या पिठाची काय गरज." बानं वर पाहिलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या मंडळानं ठाण्यात त्याचा सत्कार ठेवला. हॉल भरला होता. शाल-श्रीफळ झालं आणि मागून लोक ओरडायला लागले, "बाबा, बारीक माणसं!" बा माइकपाशी उभा राहिला. लोक आधीच हसायला लागले होते.

तो म्हणाला, "मी टीव्हीवर बोललो, समोर बसायला कोण नव्हता. ते खोटं व्हतं. माझा पोरगा बसायचा. रघुनाथ नाव. खायला नव्हतं म्हणून बारीक व्हता. पावसात गेला. मी जी माणसं काढतो ती त्याचीच." मग म्हणाला, "त्याची आई घरी हाय. तिला हसू आलं नाय, ते बरोबर व्हतं."

काहींना वाटलं पुढे विनोद येतोय, ते हसू धरून थांबले. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या, त्या मध्येच विरल्या. संयोजकांनी माइक घेतला आणि म्हणाले, "बाबा आज थोडे भावुक झालेत." मालतीकाकू माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "केवढा होता गं?" त्या सबंध हॉलमध्ये हे विचारणाऱ्या त्या एकट्या.

त्यानंतर बोलावणी एकदम थांबलीच. वाहिनीवरून एकदा फोन आला होता, नवीन काही गमतीदार आहे का म्हणून. बा म्हणाला, "नाय." बसचा खर्च वाचला, एवढंच तो त्यावर बोलला.

मी पाड्यावर जाऊन आईला सत्काराचं सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "नाव घेतलं का त्यानं?"

"घेतलं."

"समद्यांसमोर?"

"हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट्याचा आवाज आला. तिनं पीठ वाटून, वाटी भरून बाच्या कापडापाशी ठेवली. पण तोवर बाला खोकला लागला होता, अंगात ताप मुरला होता, हात थरथरत होता. त्यानं काडी बुडवली, एक गोल काढला आणि काडी खाली ठेवली. पीठ वाटीत आंबलं. आईनं ते फेकलं आणि परत वाटलं. तेही आंबलं.

पावसाच्या तोंडावर त्याला जव्हारला दवाखान्यात ठेवलं. सलाईन लावायला आलेल्या नर्सनं त्याला ओळखलं. "अगं, हे तर टीव्हीवाले बाबा!" तिनं दुसरीला हाक मारली. दोघी आनंदल्या होत्या, त्याचा हात अगदी मायेनं धरत होत्या. "बाबा, एकदा बोला ना ते." मी त्यांना थांबवणार होते. बानं मला डोळ्यांनी नको म्हटलं. धाप घेत घेत तो एवढंच म्हणाला, "पोरींनो, आता मीच बारीक झालो." त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं. एक तोंड फिरवून खिडकीकडे गेली. दोन दिवसांनी बा गेला.

कार्य उरकल्यावर आईला मी ठाण्याला आणलं. वाहिनीनं बाच्या आठवणीसाठी तीच मुलाखत पुन्हा दाखवली. ह्या वेळी घरात आम्हीच होतो. आई शेवटपर्यंत उठली नाही. कार्यक्रम संपल्यावर म्हणाली, "घरात एवढा कधी बोलला नाय हा." मग जरा वेळानं, "मला उद्या गाडीत बसव."

मी पुष्कळ समजावलं. छप्पर गळतंय, जनावर उरलं नाही, एकटी काय करशील. इथे दवाखाना आहे, नात आहे. ती ऐकत राहिली आणि पिशवी भरत राहिली.

मी तिला सोडायला गेले. अंगणात गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. तिनं पदर खोचला आणि उपटायला लागली. शेजारची भिकी आली, तिच्यामागून आणखी दोघी. कोणी टीव्हीचं बोललं नाही. भिकीनं चुलीत विस्तव आणून घातला, आईजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "रघ्याचा बा लवकर गेला गं."

मग ध्यानात आलं की पाड्यावर त्याला सगळे असंच म्हणायचे. मी आश्रमशाळेत, मग ठाण्याला; मला ते कधी ऐकूच आलं नव्हतं. महाराष्ट्रात तो काहीही झाला असेल, पोरगं जाऊन इतकी वर्षं झाली तरी इथे तो रघ्याचा बा होता, आणि आई अजून रघ्याची आई आहे.

तुम्ही, जे तिथेच राहिलात, मला विचारता की आता इकडे तुझं काय आहे. शेत नाही, घर पुढच्या पावसात उभं राहील की नाही सांगता येत नाही. मी येते ते तुमच्या तोंडून ही हाक ऐकायला. ठाण्यात मला ती कोणाला शिकवता येत नाही.