वंदनाच्या गाडीचा काटा

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाई. वंदनाजवळ तं नाईच — वंदना म्हणजे माझी बायको, आणि गोष्ट तिचीच आहे. तुमच्याजवळ बोलून राहिलो, कारण तुम्ही तिले ओळखत नाई. उद्या भाजीबाजारात ती भेटली तं तुमची जीभ घसरायची भीती नाई. तेवढंच.

आधी हे सांगतो का मी सुखात आहे. खरंच आहे. रिटायर झालो, भिलाईत नेहरू नगरात घर बांधलं, सकाळचा चहा वंदनाच्या हातचा. काचबिंदूनं डोळे अधू झाले तवापासून तीच मले गाडीत बसवून कुम्हारीवरून रायपूरले डॉक्टरकडं नेते. हायवेवरच्या ट्रकांच्या मधातून. मी बाजूले बसून मनातल्या मनात तिचे आभार मानत असतो. किती जणांच्या नशिबात असते असं? — पण आभार मानता मानता मी तोंड खिडकीकडं वळवतो. कावून वळवतो, तेच सांगायचं आहे.

मी इथल्या स्टील प्लांटमध्ये होतो, इन्स्ट्रुमेंटवाला. पोलाद लाटणाऱ्या मिलमध्ये रोलर किती वेगानं फिरतात ते दाखवणारे सेन्सर सांभाळणं माझं काम. त्या सेन्सरजवळ कोणी पाण्याचा पाइप आणला का मी अंगावर धावून जायचो. तारा जोडणाऱ्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं का वेग खोटा दिसते — हे मी प्रत्येक नव्या भरतीले ओरडून ओरडून शिकवलं. तोराच होता माझा तो.

वंदना चाळिशी ओलांडल्यावर गाडी शिकली. हौस तिची, पण हौशीच्या मागं तिचे बाबा होते. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, उतई गावाले राहायचे. त्यांनी तिले सांगून ठेवलं होतं, "वंदे, तू स्वतः गाडी चालवत दारात ये. मी पुढं बसतो. पाहू दे साऱ्या गावाले." त्यांच्या घराण्यात गाडी चालवणारी ती पहिलीच बाई. दिवाळीत जायचं तिनं पक्कं केलं होतं.

त्याच्या आधी विश्वकर्मा पूजा आली. भिलाईत त्या दिवशी प्लांटमध्ये मशिनी चकाचक होतात आणि घरोघरी आपापल्या गाड्या. मीही वंदनाची गाडी धुतली. नुसती वरून नाई, बॉनेट उघडून इंजिनसुद्धा. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, हार घातला. बस. — बस? इथंच मी नेहमी थांबतो. जरा पुढं जाऊ, मग परत येतो.

काही दिवसांनी ती एकटी निघाली आणि चौकात गाडी बंद पडली. मागं ट्रकांचे हॉर्न, लोकांची बोलणी. घरी आली तं चपलाही काढल्या नाईत. म्हणे, "अवो, चालता चालता स्पीडचा काटा झिरोवर पडला. मग ब्रेक मारला तं गाडी बंदच झाली." मी काय म्हणलं असीन? पेपरातून डोकं न काढता म्हणलं, "तुले क्लच सोडता येत नाई."

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी पाहिलं. समोरचं चाक जॅकवर उचललं, चावी चालू केली, गिअरबॉक्सवरच्या स्पीड सेन्सरले मीटर लावला. सप्लाय येऊन राहिला होता, अर्थिंग ठीक होतं, पण चाक हातानं कितीही फिरवा — सिग्नलच्या तारेत काईच नाई. म्हणजे गाडीले आपला वेगच कळत नव्हता; म्हणून काटा झिरोवर, अन् ब्रेक मारला का इंजिन बंद. दुसरा कोणी असता तं सेन्सर गेला म्हणून मोकळा झाला असता. मी सवयीनं आधी कनेक्टर खोलला. आत हिरवा गंज. आणि पाणी अडवणारी रबराची रिंग जाग्यावर नाई, बाजूले लोंबून राहिली होती.

आता परत येतो. पूजेच्या दिवशी तो कनेक्टर पुसायले म्हणून मीच काढला होता. रिंग न बसवताच परत खुपसला, आणि वरून पाइप मारला. मी मारला.

गंज खरवडला, रिंग बसवली, चाक फिरवलं — मीटर नाचायले लागला. ती घरी आली तं एवढंच म्हणायचं होतं का बाई, चूक माझी. ती हसली असती आणि चहा ठेवला असता. मी म्हणलं, "सेन्सरचं बिघडलं होतं. तू हिसके देते न गाडीले. केलं ठीक." अन् ती काय म्हणाली? "बरं झालं, तुम्ही आहात."

तरी एवढ्यावर भागलं असतं. पण रविवारी तिचा भाऊ प्रकाश उतईवरून जेवायले आला. पाटवडीचा रस्सा होता. मी रंगात आलो. चौकात ती कशी घाबरली, क्लचवर कशी नाचली, सारी नक्कल करून दाखवली. "बहीण तुझी गाडी नाई चालवत, बैल हाकलते." सारे हसले. तीही हसली, वाढत राहिली. जेवणं झाल्यावर तिनं किल्ली खुंटीले अडकवली. दिवाळीत म्हणे, "तुम्हीच घ्या गाडी. माझ्यानं बिघडते."

उतईले मामाजी दारातच उभे होते. आंगण सारवलेलं, अंगावर नवं धोतर. गाडी थांबली तसे ते स्टिअरिंगच्या बाजूनं आले, आणि आत मले पाहिलं. देवळात जायचं होतं. मी पुढचं दार उघडलं तं म्हणाले, "पुढं नाई, जवाईबापू. वंदी चालवीन तवा बसीन." ते मागं बसले, वंदनाही त्यांच्याजवळ मागं जाऊन बसली. पुढची सीट रिकामीच राहिली. उन्हाळ्यात मामाजी गेले.

मले डोळ्यांचं झालं तवा वंदनानं कोणाले काई विचारलं नाई. खुंटीवरची किल्ली घेतली, ड्रायव्हिंग क्लास लावला, नव्यानं शिकली. माझ्यासाठी. एक टोमणा नाई, आजपर्यंत नाई. तिचे उपकार माझ्यानं कसे फिटतील? फिटत नाईत.

आजही निघताना ती आधी काट्याकडं पाहते. स्पीड ब्रेकरवर गाडी जराशी हिसकली का माझ्याकडं वळून विचारते, "माझ्याकडून काई बिघडलं तं नाई न?" मी म्हणतो, "नाई." शेजारणींले ती अजून सांगते का यांनी माझी गाडी ठीक करून देल्ली होती.

मागच्या आठवड्यात प्रकाशकडं उतईले गेलो. मस्त चालवून राहिली होती, ट्रॅक्टरले मागं टाकत. घरासमोर गाडी उभी केली. दारात कोणी नव्हतं. पुढच्या सीटवर मी बसलो होतो.